जिम लावली, भात सोडला, तरी वजन हलेना. नेमकं चुकतंय कुठं?

कोल्हापूरच्या तालमीत दोन शब्द कायम जोडीनं येतात, मेहनत आणि खुराक. मेहनत म्हणजे पहाटेचे जोर, बैठका आणि मातीतली लढत. खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पोरगा किती मेहनत करतो ते बघून वस्ताद त्याचा खुराक ठरवतात. आणि कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, तर दोन-चार वर्षांत पैलवानाच्या पोटाचं काय होतं, तेही गावोगावी बघायला मिळतं.

शहरातल्या जिममध्ये मात्र ही जोडी तुटते. काही जण तासभर ट्रेडमिलवर पळतात, पण ताटात काय आहे ते बघत नाहीत. काही जण भात सोडतात, पोळी सोडतात, रात्रीचं जेवण सोडतात, पण जागचे हलत नाहीत. तिसरा प्रकार जास्त त्रासाचा. एकाच सोमवारी जिमही लावायची आणि जेवणही अर्ध्यावर आणायचं. तीन आठवड्यांत अंग गळतं, चिडचिड होते आणि वर्षभराची फी वाया जाते.

गोंधळ होतो तो एका समजुतीमुळं. व्यायाम आणि आहार एकच काम करतात, त्यामुळे एक जास्त केलं की दुसरं कमी केलं तरी चालतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दोघांची कामं वेगळी आहेत. काट्यावरचा आकडा मुख्यतः ताट ठरवतं. त्या आकड्यात चरबी किती आणि स्नायू किती, यात मोठा हात व्यायामाचा असतो.

नुसत्या घामानं वजन का उतरत नाही?

साधा हिशोब बघा. ७० किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला, तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या तीसेक तर नुसतं बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई ११५-१२० कॅलरींची. एका वडापावात जवळपास ३०० कॅलरी असतात. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. खाणं तसंच ठेवून रोज फक्त अर्धा तास चाललात, तर एक किलो उतरायला दोन महिन्यांहून जास्त लागतील, तेही चालून आल्यावर भूक लागली म्हणून काही जादा खाल्लं नाही तर. आणि इथंच बहुतेकांचा हिशोब फसतो. 'आज जिम केलीये' म्हणत खाल्लेली एक प्लेट मिसळ सकाळची सगळी कमाई गिळून टाकते.

शरीरही थोडा कंजूषपणा करतं. हर्मन पाँट्झर या अमेरिकी शास्त्रज्ञानं २०१२ मध्ये टांझानियातल्या हाडझा लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगतात, रोज मैलोनमैल चालतात. पण शरीराचा आकार लक्षात घेऊन मोजलं, तर त्यांचा दिवसभराचा एकूण ऊर्जाखर्च पाश्चात्त्य देशांतल्या बैठं काम करणाऱ्यांएवढाच निघाला. हालचाल वाढली की शरीर इतर ठिकाणचा खर्च आटोपतं घेतं, असं पाँट्झर यांचं म्हणणं आहे. ही भरपाई नेमकी किती होते यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ट्रेडमिलच्या पडद्यावर दिसणारा कॅलरींचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नये, हे नक्की.

मग व्यायाम करायचा कशाला?

याचं उत्तर पुण्यात सापडतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापून आणला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघे सारखे, आतून मात्र एकात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी. दोन्ही आडनावं इंग्रजी 'वाय' अक्षरानं सुरू होतात, म्हणून हा प्रकार 'वाय-वाय पॅराडॉक्स' नावानं ओळखला जातो.

भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. डायबेटिसचा धोकाही त्यामुळे लवकर येतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं सांगतात.

आता अशा माणसानं नुसतं खाणं तोडलं तर काय होईल? वजन उतरेल, पण चरबीबरोबर आधीच कमी असलेले स्नायूही जातील. पुढं जेवण पूर्ववत झालं की वजन परत येतं, ते मुख्यतः चरबीच्या रूपात. म्हणजे दोन-तीनदा 'डाएट' केलेला माणूस त्याच वजनाला आधीपेक्षा जास्त चरबी घेऊन उभा असू शकतो.

हे टाळता येतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० तरुणांचं खाणं गरजेपेक्षा ४० टक्क्यांनी कमी केलं आणि चार आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. अर्ध्यांना वजनाच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं दिली, अर्ध्यांना २.४ ग्रॅम. कमी प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलो उतरली आणि स्नायू जवळपास होते तेवढेच राहिले. जास्त घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबी सोडून उरलेलं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, उलट १.२ किलो वाढलं. इतकी कडक उपासमार घरी करण्यासारखी नाही, ती देखरेखीखाली केलेली होती. पण वजन उचलण्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं सोबत असतील तर कमी खाऊनही स्नायू वाचतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

मराठी ताटात नेमकं काय कमी पडतं?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला झाली ५० ग्रॅम. नियमित वजन उचलणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरली तर ७२ ते ९६ ग्रॅम.

आता एक नेहमीचा शाकाहारी दिवस मोजू. सकाळी पोहे आणि चहा, साधारण ६ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात, हे वीसेक ग्रॅम. संध्याकाळी चहा-बिस्किटं, २-३ ग्रॅम. रात्री दोन पोळ्या आणि भाजी, ८-९ ग्रॅम. बेरीज चाळिशीच्या आतबाहेर. पोट भरलेलं, कॅलरी भरपूर, आणि प्रथिनं व्यायाम न करणाऱ्यालाही पुरत नाहीत.

ही तूट भरायला ताट बदलावं लागत नाही, भर घालावी लागते. मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ ७-८ ग्रॅम देते. वाटीभर दही ५, मूठभर फुटाणे ६, दोन अंडी १२. सोया चंक्स तर कोरडे ३० ग्रॅम घेतले तरी १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि किंमत खिशाला परवडणारी. पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ केली तरी फरक पडतो. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभर शेंगदाण्यांत १७० कॅलरी असतात, हे वजन कमी करणाऱ्यानं विसरू नये. कॅलरी कमी करायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे तेल. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, आणि भाजीतून एक चमचा कमी झाला तर चवीला फारसं कळतही नाही.

उपवासाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण अनेक घरांत तो डाएटचा भाग समजला जातो. १०० ग्रॅम साबुदाण्यात ३५० कॅलरी असतात आणि प्रथिनं नावालाही नसतात. वर तूप, दाणे, बटाटा. एकादशी आणि दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत.

प्रोटीन पावडर घ्यावी का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर आपल्या मनानं प्रथिनंही वाढवू नयेत.

लक्ष्य वेगळं, हिशोब वेगळा

वजन उतरवायचं असेल तर रोजच्या खाण्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी करणं पुरे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी वेग चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम असं आहे. अनेक जण यातला दुसरा भाग वगळतात आणि नुसतं चालतात. बैठका, जोर, पाण्याचे कॅन उचलणं, काहीही चालेल, पण स्नायूंवर ताण यायला हवा. ज्यांना अंग भरायचं आहे त्यांनी गरजेपेक्षा थोडं जास्त खावं. अगदी नवख्या माणसाची चरबी घटणं आणि स्नायू वाढणं काही महिने एकाच वेळी होऊ शकतं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचं गणित याहून निराळं. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जोरात पळताना शरीर मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं. अशा वेळी इन्स्टाग्रामवर बघून भाकरी-भात बंद करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. काळा चहा पिऊन ग्राउंडवर जाण्यापेक्षा तासभर आधी एक-दोन केळी खाल्लेली बरी.

भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो का उतरतं, तेही या ग्लायकोजेनमुळंच. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी जातं आणि काटा खाली येतो. लग्नाच्या एका पंगतीत ते परत येतं आणि माणूस हताश होतो. दोन्ही वेळा चरबी जवळपास होती तिथंच असते. म्हणून रोजचा आकडा बघून निर्णय घेऊ नये. आठवड्याची सरासरी बघावी, महिन्यातून दोनदा टेपनं कंबर मोजावी, आधी पाच जोर निघत होते ते आता किती निघतात ते बघावं.

खाणं कमी आणि मेहनत जास्त, असं बरेच दिवस चाललं तर शरीर खर्च वाचवायला महत्त्वाची कामं थांबवतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' हे नाव दिलं, पण ती फक्त खेळाडूंना होते असं नाही. मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं कमजोर होऊन बारीक तडे जातात, सतत थकवा राहतो, सर्दी-ताप मागं लागतो. व्यायाम वाढवल्यावर पाळी थांबली, तर 'वजन उतरतंय म्हणून असेल' असं म्हणून सोडून देऊ नये. आधी खाणं वाढवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जेवण किंवा व्यायाम बदलण्याआधीच औषधाचा डोस विचारून घ्यावा आणि चालायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं.