फैजाबादची पोटनिवडणूक

कायदेमंडळांतील एखादी जागा सभासदाच्या मृत्यूनें रिकामी झाली म्हणजे ती भरण्यासाठीं पोटनिवडणूक होते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु स्वतःच्या हातानें जागा रिकामी करून तीच पुन्हां मतदारांपाशीं मागावयाची, असे प्रसंग विरळा. १९४८ सालीं संयुक्त प्रांतांत (उत्तर प्रदेश हें नांव १९५० चें) असा प्रसंग घडला.

त्याचें मूळ आपल्या नाशकांत आहे. मार्च १९४८ मध्यें तेथील अधिवेशनांत समाजवादी पक्षानें काँग्रेसमधून बाहेर पडण्याचें ठरविलें. आचार्य नरेंद्र देव हे त्या पक्षाचे अध्वर्यु. बौद्ध दर्शनाचे गाढे अभ्यासक, अहमदनगरच्या किल्ल्यांत नेहरूंसमवेत बंदिवास भोगलेले. प्रांतिक विधानसभेंत ते काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. पक्ष सोडल्यावर जागाहि सोडावी असें कोणताहि कायदा तेव्हां सांगत नव्हता. पक्षांतरबंदीचा कायदा थेट १९८५ चा! तरीहि ज्या पक्षाच्या नांवावर मतें घेतलीं तो सोडल्यावर त्या मतांवर आपला हक्क उरत नाहीं, असें मानून आचार्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं राजीनामे दिले.

फैजाबादेंत काँग्रेसनें त्यांच्यासमोर उभे केले ते बाबा राघवदास. मराठी श्रोत्यांस नवल वाटेल, पण हे बाबा मूळचे पुण्याचे. तरुणपणीं गुरूच्या शोधांत उत्तरेस गेले, बरहज येथें आश्रमांत राहिले, आणि गांधीजींच्या कार्यांत पडून पूर्वेकडील जिल्ह्यांत पूज्य झाले. माणूस त्यागी. म्हणूनच या लढतीचें वैषम्य मला अधिक वाटतें. वाद व्हावयाचा तो काँग्रेसच्या धोरणावर. पण अयोध्या याच मतदारसंघांत. प्रांताचे मुख्य प्रधान गोविंद वल्लभ पंत स्वतः प्रचारास आले, आणि आचार्यांची रामावर श्रद्धा नाहीं, असें मतदारांस सांगण्यांत आलें.

मतदानाचा हक्क तेव्हां मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनीं मर्यादित होता. त्या थोडक्या मतदारांत आचार्य सुमारें तेराशें मतांनीं पडले. पुढच्याच वर्षीं, २२ डिसेंबर १९४९ च्या रात्रीं, अयोध्येंतील बाबरी मशिदींत मूर्ति ठेवल्या गेल्या. त्या घटनेची पूर्वपीठिका सांगतांना कांहीं इतिहासकार या प्रचारापासूनच आरंभ करतात.

आचार्य तेव्हां लखनौ विद्यापीठाचे कुलगुरु होते. ते त्या कामाकडे परतले; आणि श्रद्धाहीन ठरविलेल्या या गृहस्थांकडे १९५१ मध्यें काशी हिंदु विश्वविद्यालयाचें कुलगुरुपद आलें.