विद्यापीठाचे दार आणि कष्टकऱ्याचे पोर

पदवी तीन वर्षांची असावी की चार, याची चर्चा हल्ली पेठेच्या चावडीवरही ऐकू येते. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती सुरू केली. ज्यांनी कॉलेजची पायरी चढली नाही तेही तीत भाग घेतात, आणि ते योग्यच आहे. कारण आता त्यांची मुले त्या पायरीवर उभी आहेत. परंतु पदवीशिक्षणाची फेरतपासणी आजच होते आहे अशी कोणाची समजूत असेल, तर ती बरोबर नव्हे. दीडशे वर्षांहून अधिक काळ हे काम चालू आहे. त्याचा इतिहास आम्ही येथे एकाच प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत: प्रत्येक सुधारणेच्या वेळी दाराबाहेर कोण राहिले?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पण पुढची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लंडनने १८५८ सालीच कॉलेजात हजर राहण्याची सक्ती बहुतेक पदव्यांपुरती उठवली. घरी बसून, नोकरी सांभाळून अभ्यास करणाराला तेथे परीक्षेस बसता येऊ लागले. आपण नमुना उचलला. हा उघडा दरवाजा मात्र उचलला नाही.

ही उणीव एका शेतकरी कुळातल्या माणसाने नेमकी हेरली. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हे त्यातले म्हणणे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच निवेदनातली दुसरी मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही. खासगी रीतीने अभ्यास करणारांना प्रवेशपरीक्षेस बसू देतात, तशीच मोकळीक बी. ए., एम. ए.च्या परीक्षांनाही द्यावी, असे त्यांनी सुचविले. अनेकांना नाना कारणांनी कॉलेजात जाणे अशक्य असते. अशांचा घरचा अभ्यास मानला तर ज्ञानाचा प्रसार होईल आणि सरकारचा खर्चही वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्यापैकी पुष्कळांचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, पाळी संपल्यावर झाले. म्हणून ही मागणी वाचताना ती आमच्याचसाठी लिहिली असावी असे वाटते.

पुढे १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या प्रश्नावलीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लेखी उत्तर दिले. विद्यापीठ म्हणजे नुसते परीक्षा घेणारे खाते नव्हे. अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करू नये, पदवीचे वर्ग आणि त्यावरचे वर्ग एकमेकांपासून तोडू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. सामान्य विद्यार्थ्यालाही उत्तम अध्यापक मिळाला पाहिजे, हे त्यातले मर्म होय. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणारा विद्यार्थी मुकू नये. सुधारणा कशी असावी, ते या एका वेळापत्रकावरून समजते. पुढच्याच वर्षी साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी कॉलेज सुरू केले, तेही ‘कमवा आणि शिका’ या पायावर.

पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आढावा घेतला. त्यानंतर महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक आणि वर चार वर्षांचे कॉलेज ही जुनी रचना जाऊन दहा, दोन व तीन वर्षांची नवी रचना आली. म्हणजे चार वर्षांचे कॉलेज आपल्याला नवे नाही. वर्षे इकडची तिकडे यापूर्वीही झाली आहेत. जोतीरावांची मागणी मात्र मोठ्या प्रमाणावर पुरी झाली ती १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा. १८८२ पासून मोजले तर एकशे सात वर्षे लागली.

आता आपल्या भागाकडे वळू. मंचरच्या महाविद्यालयातील विज्ञान शाखेला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. म्हाळुंगे पडवळचा हा तरुण मुंबईच्या गिरणीत मजुरी करीत होता आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडून त्याने प्राण दिले. ज्या वर्गातून तो आला त्या वर्गाची मुले आज तेथे शिकतात, ही थोडीथोडकी मजल नव्हे. पण सातगाव पठारावर खरीप बटाट्याची काढणी आली की वर्गातली बाके रिकामी होतात. आणि चाकणच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम मिळाले की कित्येक मुले परत फिरकत नाहीत.

नवे धोरण म्हणते, पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मिळविलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतील, पुन्हा या. कल्पना वाईट नाही. आमची शंका वेगळी आहे. जो मुलगा फी नाही म्हणून जातो, तो ‘बाहेर पडला’ असे म्हणावे की ‘बाहेर पडला गेला’ असे म्हणावे? जाण्याची वाट सोपी केली, तर येण्याची वाट तितकीच सोपी असली पाहिजे. त्यासाठी संध्याकाळचे वर्ग हवेत, शेतीच्या हंगामाचा विचार करणारे वेळापत्रक हवे, आणि कामगाराला परीक्षेपुरती पगारी रजा हवी. यांतली शेवटची मागणी विद्यापीठाकडे नव्हे, कारखानदाराकडे करायची आहे. ती संघटनांनीच लावून धरली पाहिजे.

पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले. त्या नावाच्या घरात जोतीरावांचे निवेदन बाजूला ठेवून चालणार नाही. पदवी किती वर्षांची, हे तज्ज्ञांनी ठरवावे. मध्येच गेलेल्यांपैकी किती परत आले, हा आकडा मात्र दरवर्षी गावकऱ्यांनी आपल्या कॉलेजाकडे मागावा. तो वाढत असेल तर सुधारणा झाली असे समजावे.