मिया हॅम यांची फुटबॉल कारकीर्द (१९८७–२००४) : कायदा, संस्था आणि विक्रम यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडाइतिहासात विक्रमाची नोंद बहुधा खेळाडूच्या नावापुढील एक आकडा म्हणून केली जाते. तो आकडा खेळाडूच्या अंगभूत गुणवत्तेचे आणि परिश्रमाचे प्रमाण मानला जातो. हे मानणे चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. गोल करण्यासाठी सामना व्हावा लागतो, सामना होण्यासाठी संघ असावा लागतो आणि संघ उभा राहण्यासाठी मैदान, प्रशिक्षक, निधी व मान्यता यांची आवश्यकता असते. स्त्रियांच्या बाबतीत या गोष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गृहीत धरता येत नव्हत्या. त्यामुळे महिला फुटबॉलमधील कोणताही विक्रम हा एका व्यक्तीचा जसा असतो, तसाच तो संधीच्या इतिहासाचाही असतो.

अमेरिकेच्या मिया हॅम यांनी १९८७ ते २००४ या काळात आपल्या देशासाठी १५८ आंतरराष्ट्रीय गोल केले. १९९९ ते २०१३ अशी चौदा वर्षे स्त्री खेळाडूंमधील सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम त्यांच्या नावावर होता. प्रस्तुत लेखात या कारकिर्दीचा विचार तीन प्रश्नांच्या अनुषंगाने केला आहे : या विक्रमामागे कोणती कायदेशीर व संस्थात्मक परिस्थिती होती, त्या परिस्थितीच्या मर्यादा कोणत्या होत्या, आणि विक्रम मोडला गेल्यानंतर त्याचे ऐतिहासिक मूल्य कोणते उरते?

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्त्रियांचे फुटबॉल ही अलीकडची गोष्ट नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांचे संघ हजारो प्रेक्षकांसमोर खेळत होते. मात्र ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत आणि पश्चिम जर्मनीत १९५५ पासून १९७० पर्यंत अशाच स्वरूपाचे निर्बंध होते. ज्या देशांत पुरुषांच्या फुटबॉलची परंपरा सर्वांत समृद्ध होती, त्याच देशांत स्त्रियांचा खेळ दडपला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

अमेरिकेतील परिस्थिती वेगळी होती. तेथे फुटबॉल हा पुरुषी प्रतिष्ठेचा प्रमुख खेळ नव्हता. ते स्थान बेसबॉल व अमेरिकन फुटबॉल यांच्याकडे होते. त्यामुळे मुलींनी हा खेळ खेळण्यास तीव्र सांस्कृतिक विरोध झाला नाही. तथापि विरोध नसणे आणि संधी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९७१–७२ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या क्रीडास्पर्धांत भाग घेणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांपेक्षा कमी होती, तर मुलांची संख्या छत्तीस लाखांहून अधिक होती. शालेय फुटबॉल खेळणाऱ्या मुली संपूर्ण देशात सुमारे सातशे होत्या.

१९७२ चा कायदा आणि त्याची वाटचाल

२३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील ‘टायटल नाईन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागानुसार, संघराज्य शासनाचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक कार्यक्रमात लिंगाधारित भेदभाव करण्यास मनाई करण्यात आली. मूळ तरतुदीत क्रीडेचा उल्लेख नव्हता. प्रवेश, अध्यापकांच्या नेमणुका व शैक्षणिक सुविधा हे तिचे प्रमुख विषय होते. परंतु अमेरिकेत क्रीडा हा शाळा व विद्यापीठांच्या कार्याचाच भाग असल्यामुळे तिची व्याप्ती मैदानापर्यंत पोहोचणे अपरिहार्य होते.

ही वाटचाल सरळ नव्हती. १९८४ साली ग्रोव्ह सिटी महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्या विशिष्ट कार्यक्रमाला शासकीय साहाय्य मिळते त्यालाच हा कायदा लागू होतो. क्रीडाविभागांना बहुधा असे थेट साहाय्य मिळत नसल्याने ते कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. मार्च १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने नागरी हक्क पुनःस्थापना कायदा संमत केला, तेव्हा संपूर्ण संस्थेला ही तरतूद पुन्हा लागू झाली. म्हणजे १९७२ चा कायदा एकदा संमत होऊन काम संपले असे झाले नाही. तो सोळा वर्षांनी पुन्हा मिळवावा लागला.

मिया हॅम यांचा जन्म १७ मार्च १९७२ रोजी अलाबामा राज्यातील सेल्मा येथे झाला. कायद्यावर स्वाक्षरी झाली तेव्हा त्या तीन महिन्यांच्या होत्या आणि १९८९ मध्ये त्या विद्यापीठात दाखल झाल्या, तेव्हा त्याच्या पुनःस्थापनेला सुमारे दीड वर्ष उलटले होते. कायद्याचे आणि या कारकिर्दीचे वय एकच आहे. हा योगायोग असला, तरी त्यातून एका संपूर्ण पिढीचे स्थान स्पष्ट होते.

जडणघडण आणि विद्यापीठीय कालखंड

हॅम यांचे वडील हवाई दलात वैमानिक होते. त्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य सतत बदलत राहिले. बालपणीचा काही काळ इटलीतील फ्लॉरेन्स येथे गेला. जन्मतः त्यांच्या एका पायाच्या पंजात वाकडेपणाचा दोष होता व त्यासाठी लहानपणी विशेष बूट वापरावे लागले. पुढे टेक्सासमधील विचिटा फॉल्स येथे, कुटुंबाने दत्तक घेतलेले थोरले बंधू गॅरेट यांच्यासोबत खेळताना त्यांची फुटबॉलची आवड दृढ झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाने पहिला सामना १८ ऑगस्ट १९८५ रोजी इटलीविरुद्ध खेळला व तो ०–१ असा गमावला. त्या संघाला पुरुषांच्या मापाचे गणवेश देण्यात आले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३ ऑगस्ट १९८७ रोजी, चीनमधील तिआनजिन येथे हॅम यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. त्या अमेरिकेकडून खेळणाऱ्या सर्वांत लहान वयाच्या महिला खेळाडू ठरल्या. पहिला गोल मात्र त्यांना जुलै १९९० मध्ये, आपल्या सतराव्या सामन्यात करता आला. पुढे विक्रम करणाऱ्या खेळाडूला पहिल्या गोलासाठी तीन वर्षे वाट पाहावी लागली, यामागे अनुभवाची उणीव असेल. पण या तीन वर्षांत संघाला मिळालेल्या सामन्यांची संख्याही अत्यल्प होती.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील वर्षे या दृष्टीने निर्णायक ठरली. तेथील प्रशिक्षक ॲन्सन डोरेन्स हे १९८६ ते १९९४ या काळात राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. हॅम खेळल्या त्या चारही हंगामांत (१९८९, १९९०, १९९२ व १९९३) विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९९१ चा हंगाम त्यांनी विश्वचषकासाठी सोडला होता. या काळात त्यांनी १०३ गोल केले. त्यांच्या सहभागातील ९५ सामन्यांपैकी विद्यापीठ केवळ एक सामना हरले. व्यावसायिक लीग अस्तित्वात नसताना नियमित सराव, स्पर्धा व शिष्यवृत्ती देणारी संस्था विद्यापीठ हीच होती. युरोपात क्लबांनी जे कार्य पुरुषांसाठी केले, ते अमेरिकेत स्त्रियांसाठी विद्यापीठांनी केले, असे म्हणता येते.

विश्वस्पर्धा आणि विक्रम

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने (फिफा) स्त्रियांची पहिली विश्वस्पर्धा नोव्हेंबर १९९१ मध्ये चीन येथे भरवली. तिला ‘विश्वचषक’ हे नाव देण्याबाबतही संकोच होता. सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवण्यात आले. अमेरिकेने नॉर्वेचा २–१ असा पराभव करून ही स्पर्धा जिंकली. एकोणीस वर्षांच्या हॅम या विजेत्या संघातील सर्वांत लहान खेळाडू होत्या. १९९५ मध्ये स्वीडन येथे संघाला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्या स्पर्धेत डेन्मार्कविरुद्ध गोलरक्षक ब्रियाना स्करी यांना बाहेर काढण्यात आल्यावर अखेरची काही मिनिटे हॅम यांनी गोलरक्षण केले होते.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला. अमेरिकेने चीनला २–१ असे नमवले. हा अंतिम सामना पाहण्यास ७६,४८१ प्रेक्षक उपस्थित होते. २२ मे १९९९ रोजी ब्राझीलविरुद्ध १०८ वा गोल करून हॅम यांनी इटलीच्या एलिसाबेत्ता विन्योत्तो यांचा विक्रम मागे टाकला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० जुलै १९९९ रोजी, कॅलिफोर्नियातील रोझ बोल मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना ९०,१८५ प्रेक्षकांसमोर झाला. गोलशून्य बरोबरीनंतर अमेरिकेने पेनल्टींवर चीनला ५–४ असे हरवले. चौथी पेनल्टी हॅम यांनी यशस्वी केली. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रौप्य आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पुन्हा सुवर्णपदक मिळाले. फिफाने २००१ मध्ये सुरू केलेला सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा पुरस्कार पहिली दोन्ही वर्षे त्यांनाच मिळाला. ८ डिसेंबर २००४ रोजी मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यानंतर त्या निवृत्त झाल्या.

या विक्रमाकडे चिकित्सक दृष्टीनेही पाहणे आवश्यक आहे. चार विश्वचषकांत हॅम यांचे गोल केवळ आठ आहेत. मिशेल एकर्स यांनी एकट्या १९९१ च्या स्पर्धेतच दहा गोल केले होते. हॅम यांच्या गोलांपैकी बहुसंख्य गोल अन्य स्पर्धांत व मैत्रीपूर्ण सामन्यांत झाले. याचा अर्थ विक्रम निकृष्ट ठरतो असे नाही. सुमारे पावणेतीनशे सामन्यांत १५८ गोल आणि सहकाऱ्यांच्या १४० हून अधिक गोलांसाठी निर्णायक पास ही कामगिरी सतरा वर्षांच्या सातत्याची साक्ष देते. मात्र इतके सामने भरवू शकणारे राष्ट्रीय संघ त्या काळी जगात मोजकेच होते, हेही त्यातून सिद्ध होते.

हक्क आणि मानधन यांचा संघर्ष

मैदानावरील यशामुळे समान वागणूक आपोआप मिळाली नाही. डिसेंबर १९९५ मध्ये ऑलिम्पिकपूर्व करारावरून राष्ट्रीय संघटना व खेळाडू यांच्यात वाद उद्‌भवला. केवळ सुवर्णपदकासाठी बक्षीस देण्याचा प्रस्ताव हॅम यांच्यासह नऊ प्रमुख खेळाडूंनी नाकारला आणि त्यांना सराव शिबिराबाहेर ठेवण्यात आले. पुढे तडजोड झाली. विश्वचषक जिंकल्यानंतर सहा महिन्यांतच, जानेवारी २००० मध्ये, मानधनाच्याच प्रश्नावर खेळाडूंनी ऑस्ट्रेलियातील स्पर्धेवर बहिष्कार टाकला आणि त्यानंतर सुधारित करार झाला. ज्या खेळाडूच्या नावे मोठ्या कंपन्या जाहिराती करीत होत्या, तिने सहकाऱ्यांच्या बरोबरीने या लढ्यात उभे राहणे महत्त्वाचे होते. कारण एकट्या हॅम यांचे उत्पन्न या करारांवर अवलंबून नव्हते. या संघर्षाची परिणती पुढील पिढीत दिसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये समान वेतनाच्या दाव्यात महिला खेळाडू व राष्ट्रीय संघटना यांच्यात २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली.

व्यावसायिक लीगचा अनुभव अधिक बोलका आहे. १४ एप्रिल २००१ रोजी वॉशिंग्टन येथे महिला व्यावसायिक लीगचा पहिला सामना ३४,१४८ प्रेक्षकांसमोर झाला. हॅम त्यात वॉशिंग्टन फ्रीडम संघाकडून खेळल्या. परंतु पाच वर्षांसाठी कल्पिलेले सुमारे चार कोटी डॉलरचे प्रारंभिक भांडवल पहिल्याच हंगामात संपले. सप्टेंबर २००३ मध्ये, विश्वचषक अवघ्या काही दिवसांवर आला असताना, लीग स्थगित झाली. विश्वचषकाच्या एका दिवसासाठी जमलेला प्रेक्षक आणि आठवड्यामागून आठवडा तिकीट काढणारा प्रेक्षक हे एकच नव्हेत, हे या अपयशाने दाखवून दिले. शिक्षणसंस्थांवर कायद्याने बंधन घालता येते. बाजारावर तसे घालता येत नाही.

या यशाला सामाजिक मर्यादाही होती. अमेरिकेत मुलींचे फुटबॉल प्रामुख्याने उपनगरांतील सुस्थित कुटुंबांत वाढले. क्लबांचे शुल्क व प्रवासखर्च पालकांनाच करावा लागे. १९९९ च्या विजेत्या संघात स्करी यांच्यासारख्या कृष्णवर्णीय खेळाडू अपवादानेच आढळतात. कायद्याने लिंगभेदाचे दार उघडले, तरी वर्ग व वंश यांची दारे त्याच प्रमाणात उघडली नाहीत.

निष्कर्ष

२० जून २०१३ रोजी ॲबी वॉम्बॅक यांनी दक्षिण कोरियाविरुद्ध चार गोल करून हॅम यांचा विक्रम मोडला. २९ जानेवारी २०२० रोजी कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअर यांनी वॉम्बॅक यांचा १८४ गोलांचा विक्रम मागे टाकला आणि पुढे ही संख्या १९० पर्यंत नेली. केवळ आकड्यांचा विचार केल्यास हॅम यांची कामगिरी आता मागे पडली आहे.

तथापि १९७१–७२ मध्ये सुमारे सातशे असलेली अमेरिकेतील शालेय फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची संख्या १९९८–९९ पर्यंत अडीच लाखांहून अधिक झाली होती. हॅम यांचा विक्रम या दोन आकड्यांच्या मधल्या काळात घडला. तो या वाढीचा परिणामही होता आणि कारणही : कायद्याने त्यांना मैदान दिले, आणि त्यांच्या खेळाने पुढच्या मुलींना त्या मैदानावर येण्याचे प्रयोजन दिले. ज्यात खेळाचा शब्दही नव्हता अशी शैक्षणिक तरतूद, ती राबवणारी विद्यापीठे, आणि यशानंतरही करारासाठी झगडण्यास तयार असलेल्या खेळाडू या तिन्हींच्या संयोगातून ही कारकीर्द घडली. यांतील एकही घटक एकटा पुरेसा नव्हता. शिक्षणसंस्थांनी दिलेली समान संधी कोठवर पोहोचू शकते आणि कोठे थांबते, याचे हे उदाहरण आहे. विक्रम मोडला गेला, हे त्याचे अपयश नसून मोडणाऱ्या खेळाडू निर्माण झाल्या, हेच त्याचे फलित होय.