तेलाचा ताप



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. राज्यें, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण नेहमीं ऐकतां. मी आज एका लहानशा कांट्याचा इतिहास सांगणार आहें. अमेरिकेंत ‘पिकअप’ नांवाची मोटार घरोघर दिसते. पुढें माणसें बसावयाची, मागें उघडा हौदा. मुळांत ती शेतकऱ्याची, सुताराची गाडी. हल्लीं शहरांतले सुखवस्तु लोकही ती हौसेनें बाळगतात. तिच्यामागें होडी किंवा चाकांवरचें घर जोडून डोंगर चढणें हा तिकडे नित्याचा प्रकार आहे. अशा वेळीं गिअरपेटींतील तेल किती तापलें आहे हें चालकास कळावें कीं नाहीं, आणि कळावें तर किती, हा वाद तेथें अजून मिटलेला नाहीं.

तेल मुळांत तापतें कां, तें आधीं पाहूं. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनें १९०५ सालीं जें पेटंट घेतलें, त्याचें मर्म एवढेंच आहे. मात्र वाऱ्याच्या जागीं द्रव पदार्थ, आणि दोन्ही पंखे एकाच बंद कवचांत. इंजिनाला जोडलेलें चाक द्रव फेकतें व त्या माऱ्यानें समोरचें चाक फिरतें. या योजनेंत धक्का नाहीं, दांत्यांची खडखड नाहीं. परंतु दुसरें चाक पहिल्याच्या थोडें मागें राहतें, आणि या घसरणींत जें काम वायां जातें त्याची उष्णता होते. फ्योटिंगरनें ही युक्ति जहाजांकरितां काढली होती. जहाजाच्या सभोंवार समुद्रच असतो, तेथें उष्णतेचा विचार कोण करणार!

मोटारींत ती आली तेव्हां गोष्ट निराळी झाली. जनरल मोटर्स कंपनींत अर्ल टॉमसन व त्याचे सहकारी यांनीं ‘हायड्रामॅटिक’ नांवाची आपोआप गिअर बदलणारी पेटी तयार केली आणि १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत ती मिळूं लागली. डाव्या पायाला रजा मिळाली. दुसऱ्या महायुद्धांत हीच पेटी ‘एम-५’ जातीच्या हलक्या रणगाड्यांत बसविली गेली. १९४८ सालीं ब्यूकनें चाकाचा जोर वाढविणारा टॉर्क कन्व्हर्टर आणला, आणि १९५४ मध्यें शेव्हरोले पिकअपलाही हायड्रामॅटिक घेण्याची सोय झाली. ओझें वाहणारी गाडी आणि घसरणारें तेल यांची गांठ तेथें पडली.

या पेटींतील तेल जोर पोंचवितें, पट्ट्या व क्लच दाबून धरतें, वंगणाचें काम करतें आणि उष्णता वाहून नेतें. तें जळलें म्हणजे चारही कामें एकदम बिघडतात. एके काळीं या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलाचा अंश घालीत; तो मासा नामशेष होण्याच्या मार्गावर आहे असें अमेरिकन सरकारनें १९७० सालीं जाहीर केल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला.

इतक्या महत्त्वाच्या तेलाला तापमापक मात्र मिळाला नाहीं. इंजिनाच्या पाण्याला तो पूर्वींच मिळाला होता. हॅरिसन बॉइस यानें १९१२ सालीं रेडिएटरच्या टोपणावर बसणाऱ्या ‘मोटोमीटर’चें पेटंट घेतलें, आणि चालक आपल्या जागेवरून त्यांतला तांबडा रस वर चढतांना पाहूं शके. पुढें कांटा आंत फळीवर आला. १९३० नंतरच्या दशकांत हडसन कंपनीनें कांहीं कांट्यांऐवजीं नुसते दिवे बसविले. लोक त्यांस ‘मूर्खांचे दिवे’ म्हणूं लागले. गिअरपेटीच्या वांट्याला दिवाही नव्हता. तेल पाहण्याची सळई बाहेर काढावी, तांबडें तेल तपकिरी झालें आहे का तें पाहावें, करपल्याचा वास येतो का तो घ्यावा. वैद्य नाडी पाही, तसलाच हा प्रकार. आणि वास येईपर्यंत रोग बहुधा हाताबाहेर गेलेला असे.

मेकॅनिक लोकांत मग एक कोष्टक रूढ झालें. तेल १७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ८० अंश सेल्सिअस, राहिलें तर तें एक लाख मैल टिकतें. पुढें प्रत्येक २० अंशांना आयुष्य निम्मे. १९५ ला पन्नास हजार, २१५ ला पंचवीस हजार, आणि २९५ ला जेमतेम दीड हजार मैल. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांचें हें उलटें गणित! तो आडाखा होता, शास्त्राचा सिद्धांत नव्हे. तरी त्यानें लोकांना जागें केलें. ट्रेलर ओढणारे लोक स्वखर्चानें तापमापक बसवूं लागले. पण बसवावयाचा कोठें? कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारें तेल सर्वांत गरम, तळाच्या भांड्यांतलें त्याहून निवळलेलें, रेडिएटरकडून परत येणारें त्याहूनही थंड. तिघे शेजारी तीन आंकडे सांगत, आणि तिघेही खरें बोलत.

पुढें कारखान्यानेंच कांटा दिला. पण कित्येक गाड्यांतला कांटा मोठा शहाणा निघाला! आंतल्या संगणकाला अंशन् अंश कळे, तरी तेल बऱ्याच मोठ्या टप्प्यांत कमी-जास्त तापलें तरी कांटा मध्यावरून हालत नसे. सारखा हालणारा कांटा पाहून लोक घाबरतात व विनाकारण दुकानांत येतात, अशी यावर सबब आहे. मीं उभें आयुष्य शाळेंत घालविलें. मुलगा उत्तीर्ण आहे एवढेंच पालकांस सांगून गुण झांकून ठेवण्याची ही रीत मला पटत नाहीं. १९९६ पासून अमेरिकेंतील नव्या मोटारींत तपासणीचें एक ठराविक खांचण बसविणें सक्तीचें झालें. कित्येक मालकांनीं त्यांतच लहानसें यंत्र अडकवून कांट्यानें झांकलेला आंकडा बाहेर काढला.

आणि आंकडा पाहून ते पुन्हा घाबरले. सपाट रस्त्यावर, मागें ओझें नसतां, दोनशें अंश! जुनें कोष्टक डोक्यांत होतें. पण मधल्या काळांत दोन गोष्टी बदलल्या होत्या. थंड तेल दाट असतें व पेट्रोल खातें. इंधन वांचविण्याचा अमेरिकन कायदा १९७५ सालीं झाला, आणि त्याच्या मापांत बसण्याकरितां कारखानदारांनीं कित्येक गाड्यांत तेल मुद्दाम गरम ठेवणारी झडप बसविली. शिवाय डेक्सरॉन-६ सारखीं नवीं तेलें जुन्यांपेक्षां ताप अधिक सोसतात. तेव्हां ज्या आंकड्यावर आजोबांची गाडी करपली असती, त्यावर नातवाची सुखानें चालते. कांहीं मालक ती झडप काढून टाकतात व तेल थंड करतात. कारखान्याला मैलांचा हिशेब करावयाचा असतो, मालकाला वर्षांचा, म्हणून त्यांस मी वेडे म्हणणार नाहीं. मात्र आंकडा हातीं येणें आणि तो वाचतां येणें यांत अंतर आहे, हेंही खरें.

आज पेटींत आठ किंवा दहा गिअर असतात. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनीं मिळून तयार केलेली दहा गिअरांची पेटी २०१७ च्या ‘एफ-१५०’ पिकअपमध्यें आली. सळई पुष्कळ गाड्यांतून नाहींशी झाली आहे. तेल फार तापलें तर संगणक कन्व्हर्टरची घसरण बंद करतो, गिअर निराळ्या वेळीं बदलतो, आणि तरीही भागलें नाहीं तर इंजिनाचा जोर कमी करतो. कित्येक पिकअपांत आतां पडद्यावर अंश वाचतां येतात, मात्र त्यासाठीं चार-सहा कळा दाबाव्या लागतात. आपल्याकडील साध्या स्वयंचलित मोटारींत इंजिनाच्या पाण्याचा ताप दाखविणारा दिवा किंवा कांटा असतो. गिअरपेटींतील तेलाचा आंकडा सहसा नसतो.