आभासी चलन विनिमय कंपनीची पूर्वपीठिका : रोहा व पेण यांच्या संदर्भात

आभासी चलन विनिमय कंपनीचा इतिहास सामान्यतः संगणकतंत्राचा इतिहास म्हणून मांडला जातो. तथापि तिची पूर्वपीठिका बँकिंगच्या इतिहासातही शोधावी लागते. त्या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील रोहा व पेण ही गावे उद्बोधक ठरतात.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. त्यांच्या कार्यकाळात (१९४३-४९) बँकिंग कंपनी कायदा १९४९ मध्ये अमलात आला. ठेवीदाराच्या पैशावर देखरेख ठेवणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होय, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. १९६६ पासून या कायद्यातील तरतुदी सहकारी बँकांनाही लागू झाल्या. मात्र सहकार खाते व रिझर्व्ह बँक असे दुहेरी नियंत्रण निर्माण झाले.

या व्यवस्थेच्या मर्यादा पेण येथे प्रकट झाल्या. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेतील गैरव्यवहाराचे प्रकरण उघडकीस आले आणि २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले. ठेवीदारांना आपल्याच पैशासाठी दीर्घकाळ लढा द्यावा लागला. त्या वेळी ठेवविम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. ती २०२० मध्ये पाच लाख झाली.

बँकेसारख्या मध्यस्थावर विसंबण्याची गरजच नसावी, ही २००८ साली मांडल्या गेलेल्या बिटकॉइनमागील मूळ कल्पना. मुंबईत २०१८ मध्ये वझीरएक्स ही विनिमय कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कंपन्यांना बँकसेवा देण्यास मनाई केली. तेव्हा ग्राहकांनी रुपये परस्परांच्या खात्यांत भरावे व तोवर आभासी चलन कंपनीने राखून ठेवावे, अशी पद्धत तिने अवलंबिली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई रद्द केली.

अशा रीतीने मध्यस्थ नाकारणाऱ्या चलनासाठी नवा मध्यस्थ उभा राहिला. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सवरील सायबर हल्ल्यात सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली. ग्राहकांना आपली मालमत्ता काढता येईना. सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने पुनर्रचनेची योजना मंजूर केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले.

पेणच्या ठेवीदाराला अपुरे का होईना, विम्याचे कवच होते. आभासी चलनाच्या ग्राहकाला तेही नव्हते. यावरून असे दिसते की, तंत्र बदलले तरी दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्यावर देखरेख कोणी ठेवावी, हा प्रश्न कायम राहिला आहे.