मॅगनीज सरलं नाही, कामं सरली

परवा गोबरवाहीच्या रेल्वे फाटकावर अडकलो होतो. बाजूला एक पोट्टा उभा, पाठीवर बॅग, हातात डब्याची पिशवी. आयटीआय फिटर. विचारलं, कुठे निघाला? म्हणाला, "चाकणले जातो जी. इथं का रायलं? मॅगनीज त सरलं आता."

तो हे बोलत असताना समोरून मॅगनीजनं भरलेली मालगाडी तुमसर रोडकडे चालली होती. डब्यामागून डबे. फाटक उघडायला वेळ लागला, म्हणून मला विचार करायलाही वेळ मिळाला.

मॅगनीज सरलेलं नाही. मॉईलचं उत्पादन २०२३-२४ मध्ये १७ लाख ५६ हजार टन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी १८ लाखांच्या वर गेलं. कंपनीच्या इतिहासातला तो तोवरचा विक्रम होता. हे आकडे नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांतल्या खाणींचे मिळून आहेत, पण त्यात आपलं चिखला आहे, डोंगरी बुजुर्ग आहे. माल विक्रमी निघतो आणि त्याच खाणीच्या गावातला पोरगा म्हणतो की सरलं. दोघंही खोटं बोलत नाहीत. हे समजायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागते. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

भारतात मॅगनीजचं खोदकाम १८९२ च्या सुमारास तिकडे विजयानगरम् भागात सुरू झालं. आपल्याकडे, म्हणजे मध्य प्रांतात, सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी १८९६ ची. आजच्या मॉईलची ती पणजी म्हणा. आधी नागपूर जिल्ह्यात काम लागलं, मग तुमसर तहसिलीतल्या टेकड्यांवर. सुरुवातीला माल बैलगाडीनं तुमसर रोड स्टेशनपर्यंत यायचा. पुढे मॅगनीजसाठी म्हणून तुमसर-तिरोडी ही रेल्वेची फांदी टाकली गेली. आज त्या लाईनवर आपण लग्नाले जातो, बाजाराले जातो, पण ती आपल्यासाठी टाकलेली नव्हती. (बाहेरच्या वाचकांसाठी: तिरोडी वेगळी आणि तिरोडा वेगळा. तिरोडाही पुढे येणार आहे.)

भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर इथल्या टेकड्या पायी फिरला. त्याचा भारतातल्या मॅगनीजवरचा जाडजूड ग्रंथ १९०९ चा. इथल्या मॅगनीजवाल्या एका खडकाला त्यानं नाव दिलं गोंडाईट, इथल्या गोंड लोकांवरून. जगातल्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आपल्या गोंडांचं नाव गेलं. टेकड्या मात्र गोंडांच्या हातून गेल्या, नाव दगडात राहिलं.

आता मुद्द्याचं. या धंद्याला पहिली तेजी आली ती रशियामुळे. तोवर जगाला मॅगनीज पुरवायचा कॉकेशस. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध, १९०५ मध्ये रशियात क्रांती, संप, गोळीबार. तिकडचा माल अडला आणि पोलादवाल्यांनी मध्य प्रांताकडे तोंड वळवलं. १९०७ साली भारताचं उत्पादन ९ लाख टनांवर पोचलं. तिकडे रशियात कामगार संपावर गेला म्हणून इकडे चिखल्यात कामगाराले काम लागलं. त्याच वर्षी अमेरिकेत बँका बुडाल्या, पोलादाची मागणी पडली, आणि १९०८ मध्ये इथल्या मालाला भाव उरला नाही.

पुढचे शंभर सव्वाशे वर्षं हाच खेळ आहे. वर्ष बदलते, देश बदलते.

१९२७ च्या आसपास पुन्हा चांगले दिवस होते, देशाचं उत्पादन १० लाख टनांच्या वर. मग जागतिक मंदी. १९३२ साली उत्पादन जेमतेम २ लाख टनांवर आलं. मध्य प्रांतातल्या अनेक खाणी बंद पडल्या. यात एक गोष्ट मला नेहमी खटकते. मध्य प्रांताचं मॅगनीज जवळच्या रस्त्यानं समुद्रावर न्यायचं म्हणून रायपूर-विजयानगरम् लाईन १९३१ मध्ये पूर्ण झाली आणि विशाखापट्टणमचं बंदर १९३३ मध्ये उघडलं. म्हणजे मालाले गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मालासाठी बंदर तयार झालं. सरकारी गुंतवणूक वेळेवर न येण्याची परंपरा जुनी आहे.

दुसरी मोठी तेजी आली शीतयुद्धात. १९४९ च्या सुमारास सोव्हिएत रशियानं अमेरिकेला मॅगनीज देणं थांबवलं. वर कोरियाचं युद्ध. अमेरिकेची पोलाद कारखानदारी भारतावर अवलंबून राहिली. १९५३ साली देशाचं उत्पादन १९ लाख टनांच्या आसपास गेलं. सत्तर वर्षांपूर्वीचा आकडा आहे, घमेलं-सब्बलीच्या काळातला.

माझे आजोबा आणि आजी त्याच वर्षांत एका खाजगी ठेकेदाराच्या खाणीवर होते. आजोबा फोडायचे, आजी निवडायची. काळा जड दगड एका बाजूला, हलका पांढरा दुसऱ्या बाजूला. ढिगाच्या मापानं मजुरी. आजी सांगायची, "शनवारी पैसा हातात पडे, अन् रायवारी बाजारात आमाले जागा सोडत लोक." सोडत असतील, कारण शेतमजुराले वर्षातून चार महिने काम आणि यांना बारमाही.

मग ब्राझीलमध्ये आमापा प्रांतात नवी खाण निघाली. तिथून १९५७ च्या सुरुवातीला जहाजं अमेरिकेला निघाली. पोलाद कंपनीची स्वतःची भागीदारी, स्वतःची रेल्वे, स्वतःचा धक्का, समुद्रही जवळचा. पाठोपाठ १९६२ मध्ये आफ्रिकेतला गॅबॉन आला. आपलं मॅगनीज रेल्वेनं हजार किलोमीटर जाऊन मग बोटीत बसायचं. कसं टिकणार? आजोबांना ब्राझील माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की एका सोमवारी हजेरी घेणारा आलाच नाही. मंगळवारीही आला नाही. ठेकेदार निघून गेला होता. शेवटच्या पंधरवड्याची मजुरी बुडाली ती बुडालीच. त्यानंतर आजोबा मरेपर्यंत धानाच्या बांधीत राबले. खाणीचं नाव काढलं की थुंकायचे.

१९६२ मध्ये सरकारनं इंग्रज कंपनीची मालमत्ता घेतली आणि मॉईल उभी राहिली. सुरुवातीला ५१ टक्के सरकारांचे, ४९ टक्के जुन्या कंपनीचे. १९७७ मध्ये ते ४९ टक्केही घेतले. सरळ बोलायचं तर या निर्णयानं इथल्या मजुराले पहिल्यांदा माणसात आणलं. पगार, फंड, दवाखाना, क्वार्टर, पोरांची शाळा. चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग इथल्या कितीतरी घरातली पहिली पदवी त्या पगारातून आली. माझ्या वर्गातले चार पोरं तरी तसे होते. त्यामुळे उठसूट कंपनीले शिव्या देणाऱ्यांत मी नाही.

पण त्याच काळात कामाचं रूप बदलत गेलं, आणि पहिला फटका बायांना बसला. उघड्या खाणीत निम्मं काम त्यांचं: वेचणं, निवडणं, वाहणं. १९५२ च्या खाण कायद्यानं बाईले जमिनीखाली काम करायची बंदी. काम जसजसं भुयारात गेलं आणि वर मशीन आलं, तसतशी बाई बाहेर पडली. ती बंदी २०१९ मध्ये अटी घालून सैल झाली, पण तोवर तीन पिढ्या घरी बसल्या होत्या. याला कुणी छाटणी म्हटलं नाही. कोणत्या पेपरात बातमी आली नाही. माझ्याही पेपरात नाही.

मग पुरुषांचंही तेच. निवृत्त झालेल्याच्या जागी कायमचा माणूस भरण्यापेक्षा ठेका सोपा. डंपर, शॉव्हेल, ड्रिलिंग मशीन. उत्पादन वाढते, पटावरचे कामगार कमी होते. डिसेंबर २०१० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्यात वाईट काही नाही, पण तेव्हापासून चांगली बातमी म्हणजे काय याची व्याख्या नागपूर-मुंबईत ठरते.

आता खरं दुखणं. मॅगनीजचा दगड विकून पैसा थोडा मिळतो. तो भट्टीत वितळवून फेरो मॅगनीज किंवा सिलिको मॅगनीज केलं की त्याची किंमत वाढते आणि कामंही वाढतात: भट्टीवाले, फिटर, इलेक्ट्रिशियन, लॅब, ट्रक, टपरी. आपल्याकडे हा कारखाना होता. माडगीजवळ मानेकनगरचा युनिव्हर्सल फेरो. खाण तीस-पस्तीस किलोमीटरवर, वैनगंगेचं पाणी बाजूला, मुंबई-हावडा लाईन दारात. यापेक्षा चांगली जागा नकाशावर शोधून सापडणार नाही.

तो बंद पडला विजेपायी. एक टन सिलिको मॅगनीज करायले चार हजार युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटमागे एक रुपया जास्त पडला तर टनामागे चार हजाराचा फरक, आणि या मालात नफा तरी किती? महाराष्ट्रात उद्योगाची वीज महाग. छत्तीसगड, बंगाल, आंध्रमध्ये स्वस्त. भट्ट्या तिकडे गेल्या, दगड इथून जायला लागला. युनिव्हर्सलवर वीजबिलाची थकबाकी कोटींमध्ये चढली, कनेक्शन कटलं, गेटवर कुलूप. त्यानंतर "लवकरच सुरू होणार" ही बातमी मी स्वतः किती वेळा लिहिली ते मोजलं नाही. मोजायची लाज वाटते.

आणि आता तिरोडा. युनिव्हर्सलच्या बंद धुराड्यांपासून तासाभराच्या अंतरावर तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे. २०१२ ते २०१४ च्या दरम्यान सुरू झालं. एका बाजूला वीज, दुसऱ्या बाजूला मॅगनीज, मध्ये बंद भट्टी.

बरं, मॉईलनं स्वतः भट्टी टाकायचा विचार केला नाही असंही नाही. २००८ च्या सुमारास दोन मोठ्या सरकारी पोलाद कंपन्यांशी भागीदारी झाली. जागा ठरल्या भिलाईजवळ नंदिनी आणि आंध्रात बोब्बिली. म्हणजे कागदावरचाही कारखाना तुमसरले आला नाही! पुढे ते दोन्ही प्रकल्प उभेच राहिले नाहीत. विजेचा हिशेब तिथेही जुळला नाही.

साकोली तालुक्यात मुंडीपारला २०१३ मध्ये भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. तेव्हा मी मांडवात होतो, जेवणही केलं. जमिनी गेल्या, कारखाना आला नाही. प्रत्येक निवडणुकीत त्या कोनशिलेवरची धूळ झटकली जाते. वरठीचं सनफ्लॅग चालू आहे, गडेगावचं अशोक लेलँड चालू आहे, हे मान्य. पण मॅगनीजच्या पट्ट्यात, तुमसर-गोबरवाही-नाकाडोंगरीत, युनिव्हर्सलनंतर तेवढं मोठं काही आलं नाही.

लोक मला म्हणतात, आमदार-खासदार कमी पडले. पडले असतील. पण १९०५ ची क्रांती, १९५७ चं ब्राझील आणि विजेचा दर यातलं एकही तुमसरात ठरलं नव्हतं. आपल्या हातात थोडंच होतं, आणि ते थोडंही आपण धड पाहिलं नाही. उदाहरण देतो. २०१५ पासून कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्क्यांएवढी रक्कम वेगळी द्यायची, आणि तो पैसा खाणीनं बाधित गावांसाठी वापरायचा: पाणी, आरोग्य, शिक्षण, रोजगाराचं प्रशिक्षण. नव्या नियमांनुसार ७० टक्के खर्च या महत्त्वाच्या कामांवरच व्हायला पाहिजे. गोबरवाही पट्ट्यातल्या एका ग्रामसभेत मी विचारलं की तुमच्या गावासाठी यातून काय मागितलं? सरपंचबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "भाऊ, आमाले वाटलं ते कलेक्टरचा पैसा आहे."

फाटकावरच्या त्या पोराले मी यातलं काही सांगितलं नाही. तेवढा वेळ नव्हता. मालगाडी गेली, फाटक उघडलं. माझ्या गाडीवर त्याला तुमसर बसस्थानकापर्यंत सोडलं. वाटेत त्यानं सांगितलं की त्याचा आजा चिखल्याच्या खाणीत कायम होता, बाप ठेक्यावर होता, आणि हा चाकणच्या ज्या कंपनीत चालला तिथेही ठेकाच आहे. फक्त खोलीभाडं वेगळं.

एक विनंती. तुमच्या घरी आजा-आजीचं जुनं हजेरी कार्ड, खाणीचा फोटो, युनिव्हर्सलचं ओळखपत्र, पगाराची पावती असं काही असेल तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका किंवा इनबॉक्स करा. आणि ग्रामपंचायत सदस्य कुणी वाचत असेल, तर खनिज प्रतिष्ठानमधून गावाले कोणत्या वर्षी किती मंजूर झाले आणि कशासाठी, तेवढं लिहा. पुढच्या पोस्टमध्ये गावनिहाय यादी टाकतो.