पाथरीचा पाडलेला कोट

दिवाळी आली की पुण्या-साताऱ्याकडची मुले अंगणात मातीचे किल्ले रचतात. परभणीकडच्या मुलांनी आपल्या मुलखातला किल्ला रचायचा म्हटले, तर त्यांनी कोणता रचावा? जिंतूरच्या अंगाला अजिंठ्याच्या रांगेचे काही फाटे आहेत, गंगाखेडच्या खाली बालाघाटाचे डोंगर आहेत. पण मधली सारी गंगथडी म्हणजे काळीभोर, सपाट जमीन. येथे राजगड-तोरण्यासारखे कडे नाहीत. म्हणून इकडचे कोट आणि गढ्या बहुधा गावाच्या पांढरीवरच उभ्या राहिल्या. आणि पांढरीवरची गढी कड्यावरच्या गडासारखी तग धरीत नाही. ती ओस पडली की तिचे दगड घरांच्या पायात जातात, आणि माती शेतकरी गाड्या भरभरून खतासाठी रानात नेतो. दोन-तीन पिढ्यांत गढीचे शेत होऊन जाते!

पण याच सपाट मुलखातल्या एका कोटासाठी दोन सुलतान हाडवैरी झाले होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? तो कोट पाथरीचा. परभणीहून मानवतमार्गे पश्चिमेकडे निघाले की पाथरी लागते. आज ते तालुक्याचे गाव आहे.

ही हकीकत फेरिश्ता या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवली आहे. तो काही काळ अहमदनगरच्या दरबारी होता आणि 1589 च्या सुमारास विजापुरास गेला. तो सांगतो, की पाथरीचे कुलकर्णीपण एका ब्राह्मण घराण्याकडे होते. काही कारणाने त्या घराण्यातली माणसे गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेली. पुढे बहामनी सुलतान अहमदशहाच्या स्वारीत त्यांच्यातला एक पोर कैद होऊन बीदरला आला. त्याचे नाव तिमापा, बापाचे नाव भैरव. पोर हुशार होते. त्याला मुसलमान करून मलिक हसन असे नाव दिले आणि शाहजाद्याबरोबर शिकायला बसवले. ‘भैरव’ हा शब्द दरबारी जिभेला वळेना. त्याचे झाले ‘बहिरी’. हाच मलिक हसन बहिरी चढत चढत, 1481 मध्ये महमूद गावानचा वध झाल्यावर, बहामनी राज्याचा मुख्य वजीर निजाम-उल्-मुल्क झाला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदाने, 1490 मध्ये निजामशाही स्थापली आणि 1494 मध्ये अहमदनगर वसवले.

नातू गादीवर बसला, त्याचे नाव बुऱ्हाण निजामशहा. घराणे राजपदाला पोहोचले. पण मूळ गाव मात्र परक्याच्या ताब्यात! पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशाहीत. मौज अशी, की या इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्लाही विजयनगरकडून कैद होऊन आलेला ब्राह्मणाचाच मुलगा. नगरहून मागणी गेली, की पाथरी आम्हांस द्या, तिच्या बदल्यात जास्त उत्पन्नाचा मुलूख घ्या. अलाउद्दीन इमादशहाने नकार तर दिलाच, वर पाथरीची तटबंदी करावयास घेतली. 1518 मध्ये बुऱ्हाणने अचानक चाल केली. त्याच्या माणसांनी तटावर चढून कोट घेतला. राजा तेव्हा विशीच्या आतलाच होता.

हिशेबी वजिराच्या दृष्टीने हा व्यवहार वेडेपणाचाच. जास्त उत्पन्नाचा मुलूख देऊन कमी उत्पन्नाचे गाव कोण मागतो? पण वतनाची ओढ ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे मुंबईत चाळीस वर्षे काढलेला माणूसही ‘गाव कोणते?’ म्हटले की पणजोबांचेच गाव सांगतो. धर्म बदलला, नाव बदलले, भाषा बदलली, तख्त मिळाले. तरी चौथ्या पिढीला भैरव कुलकर्ण्याची पाथरी हवीच होती!

भांडण तेथे थांबले नाही. 1527 मध्ये इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या मदतीने पाथरी परत घेतली. बुऱ्हाण पुन्हा चालून आला, दोन महिने वेढा घालून त्याने कोट जिंकला, आणि मग, ज्यासाठी एवढे रक्त सांडले तो कोट त्याने जमीनदोस्त करून टाकला! पाथरीचा मुलूख त्याने आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना दान दिला. तो त्यांच्याकडे अकबराच्या काळापर्यंत वंशपरंपरेने चालला, असे फेरिश्ता सांगतो. चिडलेल्या इमादशहाने खानदेश आणि गुजरात यांच्याकडे धाव घेतली. शेवटी गुजरातचा बहादूरशहा दक्षिणेत उतरला आणि नगरात त्याच्या नावाने खुत्बा वाचण्याची पाळी बुऱ्हाणवर आली. एका गावाच्या हट्टाची ही किंमत.

याच धुमाळीत या गावात आणखी एक घर नांदत होते. संस्कृत ग्रंथांतले गोदेकाठचे पार्थपूर म्हणजे पाथरी, असे अभ्यासक मानतात. तेथल्या ज्ञानराजाने 1503 च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषाचा ग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास. तट चढला गेला तेव्हा तो दहाएक वर्षांचा असेल, आणि कोट पाडला तेव्हा विशीच्या घरात. त्याच मुलाने पुढे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर 1538 मध्ये आणि ‘लीलावती’वर 1541 मध्ये टीका लिहिल्या. त्याने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही रचले. त्यातला श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा, आणि उलट वाचला तर कृष्णाची!

पुढे 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला, 1597 मध्ये सोनपेठेजवळ गोदेच्या काठी मोगल आणि दक्षिणी फौजा भिडल्या, आणि पाथरी अकबराच्या दप्तरात वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदली गेली. निजामशाही आणि इमादशाही दोन्ही नाहीशा झाल्या. सूर्यदासाच्या पोथ्या मात्र आजही अभ्यासल्या जातात.

पाथरीच्या कोटाची गोष्ट उरली, कारण एका परदेशी पंडिताने ती लिहून ठेवली. ज्या गढ्यांना फेरिश्ता भेटला नाही, त्यांचे काय? शिक्षकाच्या पेशाने एवढेच सुचवतो, की या सुटीत आजोळी जाल तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांना गढीची हकीकत विचारा: कोणाची होती, दगड कोठे गेले, माती कोणाच्या शेतात पडली. मुलांना ती वहीत उतरवू द्या. पांढरीची माती एकदा काळीत मिसळली, की मग विचारायलाही जागा उरत नाही.